चंद्रा म्हशीच्या अंगावरचा मजकूर

अक्काताई मगदूमच्या हातचं दूध प्यायचं तर आधी थांबायला शिकावं लागायचं.

कोल्हापूरच्या त्या चौकात सकाळी सहाला सात-आठ म्हशी ओळीनं उभ्या असायच्या. गिऱ्हाईकानं पेला पुढं करायचा, गवळ्यानं तिथंच कासेखाली बसून धार काढायची. धार जरा जोरात मारली की पेला फेसानं असा फुगतो, की वाटावं, शिगोशीग दूध आलं. तो तसाच हातात द्यायचा, ही चौकाची रीत. निम्मा फेस पिऊन गिऱ्हाईक मिशा पुसत तालमीत शिरायचं आणि आपण दूध प्यालो म्हणून जोर काढायला लागायचं. अक्काताई मात्र पेला आपल्याच हातात धरून बसायची. फेस खाली बसायचा, पेला उणा दिसायचा, मग ती वरनं धार सोडून तो भरायची आणि म्हणायची, आता घ्या. एकदा एक फौजदार घाईत होता. त्यानं फेसाचा पेला तिच्या हातातनं ओढून घेतला. अक्काताईनं तो परत ओढून घेतला, चौकात, चारचौघांत, फौजदाराच्या हातातनं. "फेसानं प्वाट भरत न्हाई, पावणं. दम खावा," म्हणाली. फौजदारानं दम खाल्ला. पुढं बदली होईपर्यंत तो तिच्याकडंच दूध प्यायला येत होता, आणि दुसऱ्या कुणी घाई केली तर तोच दटावायचा.

ती मूळची शिरोळकडची, शेतकरी जैनाच्या घरची. सवाल मराठीत आणि राग कन्नडात, अशी तिची बोली. सूर्य बुडायच्या आत जेवायची, सकाळी बस्तीत देवदर्शन करून आल्याशिवाय कासेला हात लावायची नाही, आणि कासेचा एक सड रेडकासाठी राखून ठेवायची, मग समोर गिऱ्हाइकांची रांग असो की आणि काही. नवरा कल्लाप्पा दोन म्हशी घेऊन शहरात आला होता. चौकात कडुनिंबाखाली त्यानं लोखंडी मेख ठोकली होती. ज्याची मेख त्याची जागा, असा तिथला कायदा. कागद नाही, शिक्का नाही. सासष्ट साली कल्लाप्पा कावीळ होऊन गेला. भावकी म्हणाली, म्हशी विक आणि गावाकडं चल. अक्काताई तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चौकात म्हैस घेऊन हजर. बाईमाणूस रस्त्यावर कासेखाली बसणार म्हणून गवळी हसले. तिनं दगड उचलला, सैल झालेली मेख दोन घाव घालून घट्ट केली आणि म्हैस बांधली. ती मेख म्हणजे तिचं शेत, तिचं घर आणि तिचा नवरा, सगळं एकच.

चौकाच्या दुसऱ्या अंगाला तालीम, आणि तालमीच्या भिंतीवर फळा. त्या फळ्यावर रोज सकाळी नृसिंह मास्तर खडूनं बातम्या लिहायचे. शाळेतनं निवृत्त झालेला माणूस; पण खडू काही हातातनं सुटत नव्हता. पुण्याचा पेपर आणि घरचा रेडिओ यांच्यातनं निवडून आठ-दहा ओळी लिहायच्या, हात झटकायचे आणि अक्काताईकडं दुधाला यायचं. अक्काताईला वाचता येत नव्हतं. म्हणून फेस बसेपर्यंत मास्तर तिला अख्खा फळा तोंडी सांगायचे. रोजचा नेम. फेस जेवढा उशिरा बसेल तेवढी बातमी लांबायची.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्या फळ्यावर अमेरिका येऊन बसली. तिथल्या अध्यक्षाच्या माणसांनी विरोधी पक्षाच्या कचेरीत चोरून शिरून कान लावायची यंत्रं बसवली होती. एका दैनिकाच्या बातमीदारांनी ते धसाला लावलं, कोर्टानं अध्यक्षाच्या खोलीतल्या बोलण्याच्या फिती मागितल्या, असं ते प्रकरण. कोल्हापूरला फुटबॉलची सवय. त्यामुळं चौकानं पहिल्यांदा विचारलं ते हेच, की दोन संघ कोणते आणि कुणाची निशाणी काय? मास्तरांनी सांगितलं, अध्यक्षाच्या पक्षाचा हत्ती आणि समोरच्यांचं गाढव. झालं. सगळी तालीम हत्तीकडं गेली. संस्थानात हत्ती पाहिलेली माणसं ती, गाढवामागं कोण उभं राहणार? पलीकडच्या गल्लीच्या तालमीला मग नाइलाजानं गाढव घ्यावं लागलं. महिनाभर दोन्हीकडं अशी चुरस, की एका सकाळी मास्तरांनी हत्तीच्या विरुद्ध दोन ओळी जास्त लिहिल्या म्हणून कुणीतरी फळ्याला शेण फासलं. मास्तरांनी फळा धुतला आणि त्याच दोन ओळी परत लिहिल्या, जरा मोठ्या अक्षरात.

ऑगस्ट लागला आणि एका सकाळी मास्तर दुधाला आले ते जरा बिचकतच.

"आज तुमच्या धंद्यातलं हाय, अक्काताई," ते म्हणाले.

तिकडच्या दूधवाल्यांचे मोठमोठे संघ होते. त्यांनी अध्यक्षाच्या निवडणुकीला भलामोठा निधी कबूल केला होता. त्याच दिवसांत सरकारनं दुधाचा आधारभाव वाढवून दिला होता. आता चौकशी लागली होती आणि एका संघानं कोर्टात गुन्हाही मान्य केला होता. एवढं सांगून मास्तर थांबले. पेल्यातला फेस केव्हाच बसला होता, पण अक्काताईचं तिकडं लक्ष नव्हतं.

"दूधवाल्यांनी?" तिनं विचारलं. मास्तर हो म्हणाले. तिनं परत विचारलं.

चोर चोरी करतो, सावकार नाडतो, पुढारी फसवतो, हे तिनं जन्मभर ऐकलेलं. पण दूधवाल्यानं दुधाचा भाव असा पडद्याआडनं, राजाच्या कानाला लागून वाढवून घ्यायचा आणि लेकराच्या आईनं तो गपगुमान भरायचा, हे तिच्या गळी उतरेना. फेस बरा, तो निदान डोळ्यांना दिसतो. हा न दिसणारा फेस. दिवसभर ती कन्नडात पुटपुटत होती. रेडकालासुद्धा त्या दिवशी दोन शिव्या जास्त मिळाल्या, बिचाऱ्याचा अमेरिकेशी काही संबंध नसताना.

पण त्या सकाळी मास्तरांचं बोलणं आणखी एक माणूस ऐकत होता. गुंडू गवळी, चौकातल्या आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या गवळ्यांच्या दूध मंडळाचा अध्यक्ष. आणि आता बघा गंमत. एखाद्याला घर जळाल्याची गोष्ट सांगावी आणि त्यानं काडेपेटी कुठं मिळते ते विचारावं, तसं झालं. अक्काताईला त्या बातमीत पाप दिसलं आणि गुंडूला वाट दिसली. एवढ्या मोठ्या देशातले दूधवाले असं करतात तर आपण काय येडे हाय, असं तो संध्याकाळपर्यंत चार जणांना म्हणाला होता.

आठ-दहा दिवसांत अमेरिकेच्या अध्यक्षानं राजीनामा दिला. मास्तरांनी फळ्यावर ते एकाच ओळीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. हत्तीवाली तालीम त्या दिवशी सुतक असल्यासारखी बसली होती. अक्काताईनं अधीर होऊन विचारलं, दुधापायी गेला व्हय? मास्तरांच्या जागी दुसरा असता तर हो म्हणून मोकळा झाला असता, तिलाही बरं वाटलं असतं. मास्तर म्हणाले, न्हाई. दुधाची चौकशी वेगळी, तो गेला त्या चोरून शिरण्याच्या आणि ते दडपण्याच्या भानगडीत.

मग घालवला कुणी, हा तिचा पुढचा प्रश्न. मास्तरांनी बोटांवर मोजत सांगितलं. पेपरवाल्यांनी सोडलं नाही, कोर्टानं सोडलं नाही. मधी एकदा तर लोकांनी आपापल्या प्रतिनिधींना लाखांनी तारा केल्या, तारघरं तुंबली. आणि शेवटी त्याच्याच पक्षाची वडीलधारी माणसं त्याच्यापुढं जाऊन म्हणाली, आता आमचीबी मतं तुमच्यामागं न्हाईत.

"म्हंजे हत्तीवाल्यांनीच हत्तीला सांगितलं?"

"व्हय."

"हे ब्येस केलं," अक्काताई म्हणाली आणि पेला भरून दिला.

दसरा झाला. मंडळाची बैठक गुंडूच्या गोठ्यात भरली. हंबीरराव म्हणून एक पुढारी येत्या निवडणुकीला तिकिटाच्या खटपटीत होते. कमिट्यांवर, कचेऱ्यांत त्यांचं वजन होतं. गुंडूनं बेत मांडला. दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी भादरतात, अंगावर केसांत नक्षी आणि नाव काढतात, शिंगं रंगवतात, कवड्यांच्या माळा घालतात आणि शहरातनं पळवतात. यंदा मंडळाच्या झाडून सगळ्या म्हशींच्या अंगावर हंबीररावांचं नाव काढायचं आणि मिरवणूक त्यांच्या दारात न्यायची. चाळीस म्हशी, चाळीस घरं, त्यांचे पावणे-रावळे, सगळी मतं एका गठ्ठ्यात. बदल्यात हंबीरराव वरनं दुधाचा दर वाढवून आणणार. दिवाळी झाली की हुकूमच निघणार. तोवर गिऱ्हाइकाला याचा वास लागू द्यायचा नाही.

सगळ्यांनी माना हलवल्या. अक्काताई म्हणाली, माझ्या म्हशीच्या अंगावर म्हशीचं नाव असतंय. चंद्रा. दरसाल तेच असतंय, यंदाबी तेच.

गुंडूनं समजूत घातली. "आक्का, दर वाढला तर तुलाबी मिळणारच की. कुणासाठी करतोय आमी?"

"पेंड म्हागली, वैरण म्हागली, दर वाढवायला पायजेच," ती म्हणाली. "मग त्ये चौकात सांग की. पेला घिऊन हुबा ऱ्हातोय त्याला सांग. तेच्या पाठीमागं कशापायी?"

उगाच अमेरिकेचं काढू नकोस, असं कुणीतरी म्हणालं. ती म्हणाली, अमेरिकेचं मी न्हाई, ह्या गुंड्यानं काढलंय, आणि तेबी अर्धंच ऐकून. गोठ्यात हशा झाला. हसण्यानं गुंडू बिथरला आणि जे बोलायचं नव्हतं ते बोलला. जी म्हैस हंबीररावांचं नाव घेऊन दारात येणार नाही, तिची मेख पाडव्यानंतर चौकात राहणार नाही. कल्लाप्पाला जागा मंडळानं दिलती, मंडळ काढून घील.

मंडळ काल जन्मलेलं. कल्लाप्पानं मेख ठोकली तेव्हा हा गुंडू शेणाच्या पाट्या वाहत होता. पण गोठ्यात हे बोलून दाखवणारा एकही पुरुष निघाला नाही. ज्यांच्या म्हशी आडल्या तेव्हा अक्काताईनं दंडापर्यंत हात घालून रेडकं सोडवली होती, ते सगळे गोठ्यातल्या खुंट्यांकडं बघत बसले. संताप येतो तो गुंडूचा नाही. गुंडू गुंडूसारखाच वागला. संताप येतो त्या खुंट्यांकडं बघणाऱ्यांचा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी अक्काताई शिरोळच्या बहिणीला फराळ पोचवून परत आली. गोठ्यात चंद्रा उभी होती, भादरलेली. तुकतुकीत काळी कातडी आणि डाव्या कुशीवर केसांची भरगच्च अक्षरं. अक्काताईला वाचता येत नव्हतं, पण आठ वर्षं बघितलेलं नाव तिला आकारानं पाठ होतं. चंद्रा म्हणजे दोन अक्षरं, वर एक ठिपका आणि शेजारी नक्षीतली चंद्रकोर. हे लांबलचक होतं, पुढच्या पायापासून मांडीपर्यंत गेलेलं. मंडळाचा भादरणारा तिच्या माघारी येऊन काम करून गेला होता. शेजारीण म्हणाली, मला वाटलं तूच बोलावलंस.

ती म्हशीच्या अंगावर हात ठेवून उभी राहिली. भादरलेले केस दोन महिने तरी आता परत येणार नव्हते. तिच्या घरात शिरून, तिला न विचारता, तिच्या म्हशीकरवी तिचं मत बोलून टाकलं होतं. नवरा मेला तेव्हासुद्धा ती चारचौघांत रडली नव्हती. ती आता रडली, आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं. मग तोंड धुतलं, चंद्राचं दावं सोडलं आणि भर दुपारी म्हैस घेऊन नृसिंह मास्तरांच्या दारात गेली.

मास्तरांनी अक्षरं वाचली आणि चष्मा पुसला. हंबीरराव, असंच होतं. अक्काताईनं सगळं सांगितलं, आणि मास्तर खाली बघायला लागले. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की ह्या माणसाला बैठकीचं सगळं ठाऊक होतं. चौकात राहून न कळायला काय झालं? तालमीला नवी कौलं हंबीररावांनी घालून दिली होती, आणि फळा तालमीच्या भिंतीवर होता.

"अमेरिकेचं समदं लिवलंसा, मास्तर," ती म्हणाली. "फितीचं लिवलंसा, दुधाचं लिवलंसा. शेण फासलं तरी परत लिवलंसा. मग आपल्या चौकातलं कुणी लिवायचं? अमेरिकेच्या मास्तरानं?"

पस्तीस वर्षं वर्गावर्गात नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. बाईच्या एका प्रश्नानं पहिलीच्या बाकावर जाऊन बसला.

पुसून टाकता येत न्हाई का, असं त्यांनी नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. अक्काताई चंद्राच्या कुशीकडं बघत होती. पुसायचं कशाला, ती सावकाश म्हणाली. अमेरिकेत लोकांनी तारा धाडल्या, तेवर आधी नावच लिवत्यात न्हवं, कुणाला धाडायची त्येचं? मग हे नाव लिवून झालंय. खालचा मजकूर तेवढा ऱ्हायलाय.

मास्तरांनी तिच्याकडं बघितलं. मग आत गेले, भिंतीसाठी कालवलेल्या चुन्याचं डबडं आणि कुंचला घेऊन आले. काय लिहू, म्हणाले. म्हशीच्या अंगावर जागा किती, तेवढ्यात बसलं पाहिजे. दोघांनी पुष्कळ घासाघीस केली. शेवटी तीन शब्द ठरले. मास्तर लिहायला लागले. चंद्रा अंग थरथरवून माश्या उडवत होती, म्हणून एक मात्रा जरा वाकडी गेली.

पाडव्याला हंबीररावांच्या दारात मांडव होता. ते खुर्चीवर बसलेले, शेजारी हारांची पाटी, आणि मंडळाचा एक उत्साही गडी कर्ण्यावर ओरडणारा. म्हैस आली की तिच्या मालकाचं नाव आणि तिच्या अंगावरचं नाव तो कर्ण्यात वाचायचा, लोक टाळ्या वाजवायचे, हंबीरराव म्हशीला हार घालायचे. बाकीचे गवळी मोटारसायकली पळवत पुढं, म्हशी मागं. अक्काताई अनवाणी पुढं धावत आली आणि नुसती हाक मारली. चंद्रा शेपूट वर करून कवड्या वाजवत अशी आली, की गर्दीनं आपणहून वाट दिली.

कर्ण्यावरच्या गड्याला सकाळपासून एकच नाव वाचायची सवय लागलेली. तो भरात होता. "कल्लाप्पा मगदूमांची चंद्राऽ! अंगावर नाव हंबीररावऽ! हंबीरराव, दर चौकात ठरवाऽ!"

टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विरल्या. गर्दीतनं कुणीतरी विचारलं, कसला दर? दुसरा म्हणाला, दुधाचा असणार, दूधवालीची म्हैस हाय ती. तिसरा म्हणाला, वाढणार हाय व्हय? मग तो प्रश्न मांडवभर फिरला, बायकांच्या बाजूला गेला आणि तिथनं चौपट होऊन परत आला. आदल्या क्षणापर्यंत शहरात चाळीस घरांना आणि एका पुढाऱ्याला माहीत असलेली गोष्ट सगळ्या मांडवाला माहीत झाली.

हंबीरराव हार हातात घेऊन उभे होते. घालावा तर मजकूर मान्य केल्यासारखा, न घालावा तर आपल्याच नावाचा अपमान. गुंडू धावत पुढं आला आणि बाईनं खोडसाळपणा केलाय म्हणाला.

अक्काताई हंबीररावांशी बोलली, गुंडूकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. "नाव तुमच्या माणसांनी घातलंय, सायेब, माझ्या माघारी. मजकूर तेवढा माझा हाय. माझं मतबी हाय तुमच्या बाजूला, इतकी वर्सं हाय. म्हणून सांगायला आलीया."

हंबीरराव मुरलेले होते. हसले, चौकात जरूर येऊ म्हणाले आणि हार चंद्राच्या गळ्यात घालून टाकला. पण कर्णा त्यांनी बंद करायला लावला, आणि राहिलेल्या म्हशी मुक्यानंच गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडुनिंबाखाली मेख नव्हती. तिथं ताज्या मातीचं भोक होतं आणि पलीकडं गुंडूच्या भाच्याची म्हैस बांधलेली. अक्काताई दावं हातात धरून त्या भोकाकडं बघत राहिली. आठ वर्षं तिनं आणि त्याआधी कल्लाप्पानं म्हैस बांधलेली ती जागा. मग तिनं चंद्राला वळवलं, चौक ओलांडला आणि तालमीच्या भिंतीशी, फळ्याखाली, दावं स्वतःच्या कमरेला बांधून कासेखाली बसली. तालमीचा वस्ताद बाहेर आला, बघितलं आणि आत जाऊन आखाड्यातली जुनी पहार घेऊन आला. ती भिंतीलगत ठोकून दिली. मेखेपेक्षा ती चांगली हातभर लांब होती.

निम्मी गिऱ्हाइकं तिच्यामागं आली. निम्मी नाही आली, खोटं कशाला सांगायचं? फेसाची सवय लागलेली माणसं ती. हंबीरराव चौकात कधी आले नाहीत. पण दिवाळीनंतर निघायचा हुकूमही निघाला नाही. संक्रांतीनंतर मंडळाला गिऱ्हाइकांची सभा चौकातच घ्यावी लागली, दोन तास भांडण झालं, आणि दर वाढला, पण गुंडूनं धरला होता त्याच्या निम्माच. अक्काताईनं हात वर करून वाढीच्या बाजूनं मत दिलं. पेंड खरंच महागली होती.

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी, पहार ठोकून झाल्यावर, नृसिंह मास्तर फळा लिहून खाली आले. हातांना खडूबरोबर परवाचा चुनाही होता. अक्काताईनं धार काढली आणि पेला धरून बसली. मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. दुधाच्या दराचा मंडळाचा बेत, पाडव्याची मिरवणूक, म्हैस भादरण्याची गोष्ट, चौकातनं काढलेली मेख. नावांनिशी. फळा वरपासून खालपर्यंत भरला होता.

"आन अमेरिकेचं?" तिनं विचारलं.

"आज जागा उरली न्हाई."

अक्काताईनं पेल्यात बघितलं. फेस अजून बसायचा होता.